मुका घेवडा

— नाही हो, सही करणार नाही असं कुठं म्हटलं मी? मी म्हटलं, चष्मा सापडू दे. चष्म्याशिवाय सही केली की ती भलत्याच ओळीवर जाते, मागे एकदा मीटर वाचायला आलेल्या माणसाच्या वहीत मी शेजारच्यांच्या नावापुढं सही करून ठेवली, तीन महिने त्यांचं पाणी माझ्या नावावर वाहत होतं. बसा तुम्ही. त्या खुर्चीवर नको, ती आमच्या ह्यांनी दुरुस्त केलेली आहे. पेटीवर बसा. पेटी पक्की आहे, तुमच्या डॉक्टरीणबाई आल्या की तिथंच बसतात. फोटोचं नंतर बघू, वेल काही पळून जात नाही, आणि मला केस विंचरायचेत.

फॉर्म मी वाचलाय. परवा टपालानं त्याची प्रत आली तेव्हाच वाचला, दोनदा, तेव्हा चष्मा होता. ‘वाण जपणाऱ्या व्यक्तीचं नाव’ — तिथं तुम्ही माझं नाव छापूनच आणलंय. शुद्धलेखन बरोबर आहे, तक्रार नाही. ‘वाण किती वर्षांपासून जपला’ — चाळीस. चाळीस कुणी सांगितलं तुम्हाला? डॉक्टरीणबाईंनी. आणि त्यांना कुणी सांगितलं? — हां. मीच. बरोबर आहे, चाळीस वर्षांपूर्वी मी लग्न होऊन या घरात आले, घेवडा तेव्हाही कुंपणावर होता, आज कुंपणावर आहे. मधल्या वर्षांचं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. बहुतेक.

तुम्ही नवीन आहात ना संस्थेत? वाटलंच. जुनी माणसं चहा झाल्याशिवाय कागद बाहेर काढत नाहीत. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्याही अशाच, घाईच्या. गळ्यात दोरीला पेन बांधलेलं, पिशवीत कागदी पाकिटं. गावात बातमी पसरली की डॉक्टर आलीय, संध्याकाळपर्यंत सुताराची आई तिचा गुडघा घेऊन हजर. बाईंनी गुडघा नीट पाहिला, दाबून पाहिला, आणि म्हणाल्या, “आजी, मला फक्त घेवड्यातलं कळतं.” म्हातारी म्हणाली, “मग घेवड्याचं काय लावू ते सांग.”

या घेवड्याला मुका का म्हणतात, ते तुमच्या फॉर्मात लिहिलेलं नाही. लिहून घ्या. दुसरा कुठलाही घेवडा घ्या, शेंग वाळली की कानाशी धरून हलवायची, आत बी खुळखुळतं, म्हणजे तयार झाली. हिचं तसं नाही. हिच्यात बी इतकं गच्च बसलेलं असतं की शेंग वाळून कडक झाली तरी आवाज म्हणून नाही. नवखा माणूस आवाजाची वाट बघत बसतो, मग पाऊस येतो, आणि सगळं वेलावरच कुजतं. सासूबाई म्हणायच्या, हिला विचारायचं नाही, हिच्याकडे बघायचं. देठाजवळ शेंग पिवळ्याची राखाडी झाली की तोडायची. आणि पेरायची कधी? तर सकाळी उठल्या उठल्या त्या दगडी भिंतीवर तळहात ठेवायचा. दगडाचा गारठा हाताला झोंबेनासा झाला की दुसऱ्या दिवशी पेरणी. हे ऐकून डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे मात्र मी मानते. त्या पुढच्या खेपेला एक नळी घेऊन आल्या, जमिनीत खुपसायची, तिच्यावर आकडे. पंधरा दिवस रोज मी भिंतीवर हात ठेवला आणि त्यांनी जमिनीत नळी. माझ्या हातानं सांगितलं मंगळवार, नळीनं सांगितलं गुरुवार. दोन दिवसांचा फरक. बाई म्हणाल्या, नळीची किंमत बघता हात बरा.

तर सासूबाई. त्यांना दोन सुना. एक मी. दुसरी, म्हणजे पहिली, माझी थोरली जाऊ. या भिंतीपलीकडे राहते. हीच भिंत. एकच घर होतं, मध्ये विटा घातल्या आणि दोन झाली. मागची जमीन एकच होती, मध्ये कुंपण घातलं आणि तीही दोन झाली. सासूबाईंनी जायच्या आधी बियाण्याच्या बरणीचेही दोन भाग केले, अर्धं तिला, अर्धं मला, वाटीनं मोजून. त्यात काही भेदभाव नव्हता. भेदभाव बोलण्यात होता. शेवटचे दोन महिने त्या आजारी, आणि मी खोलीत गेले की गप्प व्हायच्या. थोरली गेली की कुजबूज. मी काय ऐकलं, तर एवढंच — “निवडू नकोस.” कशातलं निवडू नकोस, तांदळातलं, माणसांतलं, काय, मला काय माहीत. मी विचारलं नाही. मला सांगायचं असतं तर मला सांगितलं असतं.

हळू बोलू? कशाला हळू बोलू? भिंत एका विटेची आहे. हळू बोललं तरी ऐकू जातं आणि मोठ्यानं बोललं तरी ऐकू जातं.

आमचं बोलणं नाही. एकोणीस वर्षं झाली. भांडण नाही हो, भांडायला बोलावं लागतं. — झालं असं, की त्या काळात एका संस्थेची माणसं आली, तुमची नव्हे, तुमची तेव्हा नव्हतीच. सुधारित घेवडा घेऊन आली. बुटकं झाड, काठी नको, वेल नको, सगळ्या शेंगा एका आठवड्यात तयार, आणि खुळखुळ अशी वाजायची की रात्री वारा सुटला तर झोप येऊ नये. मी लावला. सगळ्यांनीच लावला. थोरलीनं नाही लावला. मला तीन वर्षं भरघोस आला, खोटं कशाला बोलू. मुक्याची बरणी तशीच फडताळात. आणि एके दिवशी दुपारी ती संस्थेची तीन माणसं न सांगता जेवायच्या वेळेला दारात. घरात काही नाही. आमचे हे म्हणाले, “अगं, काहीतरी कर.” मी बरणी काढली. शिजवला. सगळा. काय चव हो त्याला — ती माणसं दोनदा वाढून घेऊन जेवली, एकानं तर विचारलं, हा आमचाच का? मी म्हटलं, हो.

बरणी धुऊन दारात पालथी घातली. ती थोरलीनं पाहिली. आणि दुसऱ्या दिवशी नळावर, सहा बायका असताना, मी बादली घेऊन वळणावर पोहोचले असताना, ती म्हणाली, “बियाणं शिजवून खाणारी बाई आहे ती.” बस. एवढंच वाक्य. शिवी नाही, आवाज चढवला नाही. मी बादली तशीच रिकामी घेऊन परत आले. तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? त्यात एवढंच, की ते खरं होतं. खोटं असतं तर मी तिथल्या तिथं उत्तर दिलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं.

भाऊ भाऊ बोलायचे. कुंपणाशी उभं राहून रोज बोलायचे. हवामान. आम्हाला काही कळवायचं असलं तर त्यांच्यामार्फत. “सांग तिला, तिची कोंबडी आमच्याकडे आहे.” थोरले दीर आठ वर्षांपूर्वी गेले. तेव्हा तीन दिवस मी तिच्या स्वयंपाकघरात उभी होते. भांडी घासली, माणसांचं जेवण केलं, तिच्या ताटात वाढलं. ती जेवली. आम्ही दोघी ओट्यापाशी दोन हातांच्या अंतरावर उभ्या, ती पुसत होती, मी धूत होते. बोललो नाही. चौथ्या दिवशी मी घरी आले. दीर गेल्यावर निरोप न्यायलाही कोणी उरलं नाही, मग कोंबड्या आपापल्या परत यायला शिकल्या.

चहा ठेवू? — नको म्हणू नका, मला हवाय.

हां, तर डॉक्टरीणबाई. अकरा वर्षं झाली त्यांना पहिल्यांदा येऊन. आधी थोरलीकडे गेल्या, कारण वेल तिच्याच कुंपणावर दिसत होता. थोरलीनं दार अर्धं उघडलं आणि म्हणाली, “नेणारे पुष्कळ येऊन गेले. आणून देणारं अजून कोणी आलं नाही.” आणि दार लावलं. वाईट वागली असं नाही, तिचा तसा अनुभव होता. सासऱ्यांच्या वेळी कुणीतरी जवसाचं बी नेलं होतं, पाच जाती, पोचपावतीसुद्धा नाही. मग बाई इकडे आल्या. याच पेटीवर बसल्या, घामाघूम. म्हणाल्या, “तुमच्याकडे आहे का हो जुना घेवडा?”

आता बघा. माझ्याकडे दाणा नव्हता. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून काय आलं, तर “आहे की. परवा या.”

का म्हटलं, विचारू नका. अकरा वर्षं मी स्वतःला विचारतेय. एवढी शिकलेली बाई आपल्या पेटीवर बसून विचारते, तुमच्याकडे आहे का, आणि भिंतीपलीकडे ती ऐकतेय. नाही म्हटलं असतं तर पुन्हा तेच — शिजवून खाणारी. मग म्हटलं, आहे.

कुंपणाला एक भोक आहे. कोंबड्यांनी पाडलेलं. म्हणजे, सुरुवात कोंबड्यांनी केली. दुसऱ्या दिवशी थोरली दात काढायला दवाखान्यात गेली, मला माहीत होतं, कारण आदल्या रात्री भिंतीतून कण्हणं ऐकू येत होतं. दुपारी मी भोकातून हात घातला. चाळीस शेंगा. एका ठिकाणच्या नाही, इकडून दोन, तिकडून तीन, म्हणजे कळू नये. मनात काय होतं सांगू? मनात होतं, की बिचारीचा दात दुखतोय. असंही वाटतं माणसाला, आणि हात चालूच असतो.

बाईंना दिल्या. त्यांनी विचारलं, कुणाकडून आलं हे बी? मी म्हटलं, माझ्या सासूचं. ते काही खोटं नव्हतं. त्यांनी पाकिटावर माझं नाव लिहिलं, नंबर टाकला. मग पेरायचं कसं, तोडायचं कधी, राखेत ठेवायचं की वाळूत, सगळं विचारलं आणि सगळं लिहून घेतलं. मला एवढं सलग कुणी कधी विचारलेलं नव्हतं. आमचे हे जेवायला थांबले होते, तीनदा खाकरले.

पुढच्या वर्षी त्या आल्या त्या चेहरा पाडून. संस्थेच्या शेतात लावला, उत्तम जमीन, खत, पाणी वेळेवर — वेल गेला बारा फूट, शेंग एक नाही. मी म्हटलं, बाई, एवढं खाऊ घातल्यावर तो काम कशाला करेल? भिंतीच्या पायथ्याला, दगडगोट्यात लावा, तिसरं पान येईपर्यंत पाणी दाखवू नका. त्यांनी तेही लिहून घेतलं. तसं केलं आणि धरल्या शेंगा. पत्र आलं होतं मला, छापील नाही, हातानं लिहिलेलं. आहे कुठंतरी. चष्मा सापडला की सापडेल.

मग पाच वर्षांपूर्वीचा तांबेरा. तुम्ही तेव्हा कॉलेजात असाल. पानावर नारिंगी पूड धरते, नुसतं शेतातून चालत गेलं तरी बाही नारिंगी होते. सगळ्यांनी एकाच दुकानातून एकच बी आणलेलं, तर सगळ्यांचं एकाच आठवड्यात आजारी पडलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा. वाजणारा सुधारित घेवडा, एक शेंग वाजली नाही. लोक म्हणायला लागले की आता घेवडा सोडा, दुसरं काहीतरी बघा. सुतारानं तर शेत विकायला काढलं, घ्यायला कोणी नाही. आणि संस्थेत बाईंचा मुकासुद्धा गेला. गंजून गेला. पत्र नाही, निरोप नाही, बाई स्वतःच आल्या, सकाळच्या पहिल्या गाडीनं, आणि पेटीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “तुम्ही दिलेल्या बियाण्यात थोडे काळे दाणे होते. आठवतं?”

मला काय आठवणार, मी शेंगा सोललेल्यासुद्धा नव्हत्या, सोलायला वेळ कुठं होता.

म्हणाल्या, “शंभरात सहा-सात होते. तपकिरी होते, ठिपक्यांचे होते, आणि काळे. आम्हाला एकसारखं बी हवं होतं. मी काळे आणि ठिपक्यांचे वेगळे काढले. भेसळ म्हणून.”

मी विचारलं, “मग ठेवले कुठं?”

म्हणाल्या, “टाकले.”

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत होत्या, एवढा काही मळलेला नव्हता. आणि मला एकदम, इथं, या जागी उभं असताना, ते आठवलं — निवडू नकोस. मी काय करायचे माहितीये का? सासूबाईंनी दिलेल्या माझ्या वाट्यातले काळे दाणे मी दर वर्षी निवडून काढायचे. खराब झाल्यासारखे दिसायचे ना. पेरायला चांगले, आणि काळे भांड्यात. म्हणजे बरणी शिजवली त्या दिवशी मी शेवटचं शिजवलं, पण खरं तर आधीच्या दहा वर्षांपासून मी थोडं थोडं शिजवतच होते. डॉक्टरीणबाई एवढं शिकून जी चूक करून बसल्या ती मी न शिकता करून बसले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही. तेवढाच त्यांना दिलासा झाला असता, पण नाही सांगितलं.

त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे काळे असतील ना अजून?”

मी म्हटलं, परवा या. दुसरं काय म्हणणार?

कारण मी रोज बघत होते ना. गावात सगळीकडे नारिंगी, आणि थोरलीच्या कुंपणावर बरेच वेल गंजलेले, पण मधूनच एखादा हिरवागार. मला कळत नव्हतं का, ते आता कळलं. भोकातून हात घातला. त्या दिवशी ती दवाखान्यात नव्हती, पण दुपारची झोपते म्हणून घातला. एक शेंग तोडली, दुसरी तोडली, आणि वर बघते तर पायऱ्यांवर ती. किती वेळ उभी होती, माहीत नाही. हातात चाळणी. माझा हात कुंपणाच्या तिकडे, बाकीची मी इकडे, आणि तारेत बाही अडकलेली. ओढून घेता येईना.

ती आली, वाकली, बाही सोडवली. आणि म्हणाली — पंधरा वर्षांत पहिल्यांदा — म्हणाली, “मागच्या वेळेसारख्या वरवरच्या घेऊ नकोस. काळे खालच्या शेंगांत असतात.”

मागच्या वेळेसारख्या.

म्हणजे तिला माहीत होतं. सात वर्षं माहीत होतं. चाळीस शेंगा मोजून गेल्या तेही माहीत असणार, ती मोजणारी बाई आहे. मी आपली बाही गुंडाळत राहिले. तिनं स्वतः खालच्या तोडल्या, चाळणीत घातल्या, चाळणी कुंपणावर ठेवली आणि आत गेली. मी ती चाळणी अजून परत केलेली नाही. आत आहे. वापरत नाही.

हो हो, चहा ओतते. साखर तुम्हीच घाला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुमच्या पुस्तिकेत छापलंय. काळ्यावर तांबेरा बसतो, पण पसरत नाही, ठिपका येतो आणि तिथंच थांबतो. बाईंनी मला दाखवलं होतं, दुर्बिणीसारख्या दुसऱ्या एका नळीला डोळा लावून, पानाला झोंबणारा तो नारिंगी प्रकार खरंच मध्येच अडलेला, भिंत घातल्यासारखा. काळा ओल्या वर्षात तगतो, पण कोरड्या वर्षात काही देत नाही. तपकिरी कोरड्या वर्षात देतो. ठिपक्यांचा थंडीत. सगळे एकत्र पेरले की दर वर्षी कोणीतरी एक घर चालवतो. आणि हा मेळ एकाच मोजमापानं ठेवायचा, शंभरात सहा-सात, वाढवायचा नाही, हे सासूबाईंना ठाऊक होतं का? मी विचारलं बाईंना. त्या म्हणाल्या, “ठाऊक असेल किंवा नसेल. त्यांनी निवडलं नाही, एवढं नक्की.” मग म्हणाल्या, “मला निवडायला शिकवलं होतं.” आता संस्थेत एक पाकीट निवडलेलं ठेवतात, एक न निवडलेलं, आणि गावात सगळ्यांनी मिसळून लावला. सुताराचं शेत सुताराकडेच आहे. तो आता घेवड्याबद्दल लोकांना सल्ले देतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सही केली असती हो. चष्म्याशिवायसुद्धा.

पण मागच्या वर्षीची गारपीट. गावावर नाही, नेमकी या कडेला, दहा घरांवर. थोरलीनं त्या वर्षी सगळं बी पेरलेलं, बरणीत काही ठेवलंच नव्हतं, लोक मागायला यायचे ना, वाटून टाकलं. शेंगा कोवळ्या असताना गारा. सकाळी बघितलं तर कुंपणावर नुसत्या तारा. ती त्या तारांपाशी उभी होती, चिखलात, घरातल्या चपला घालून. मी खिडकीतून बघत होते. तिला एखादी हाक मारायला काय हरकत होती? सांगा ना. मी हाक मारायला खिडकी उघडली, आणि पुन्हा लावली.

लोकांना दिलेलं बी होतंच की, म्हणाल तुम्ही. होतं. पण लोकांनी काय केलं? तेच. काळे निवडून काढले, कुणी शिजवले, कुणी फक्त काळेच पेरले. तिचा जो मेळ होता, तिच्या सासूचा, माझ्या सासूचा, तो कुणाकडे नव्हता. तो एकाच ठिकाणी होता. संस्थेच्या थंड खोलीत, माझं नाव घातलेल्या पाकिटात.

मी बाईंना फोन केला. फोनवर मी ओरडून बोलते, लांबचं असलं की. आठवड्यात त्या आल्या. दोनशे दाणे, न निवडलेले. म्हणाल्या, “तुमचं बी आहे, तुम्हालाच परत करतेय.” माझ्या हातात दिलं. साठ मी ठेवले. का ठेवले? ठेवले. एकशे चाळीस त्याच पाकिटात घातले आणि संध्याकाळी तिच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून आले. चिठ्ठी नाही. चिठ्ठीत काय लिहायचं — नेलेलं आणून दिलं?

दुसऱ्या दिवशी माझ्या कट्ट्यावर रिकामं पाकीट. व्यवस्थित घडी घालून. आतले दाणे पेरले होते, पाकीट परत. ती कुणाचं काही ठेवून घेत नाही. आणि पाकिटावर माझं नाव, ठळक. तिनं वाचलं असणार. वाचता येतं तिला, माझ्यापेक्षा चांगलं.

आणि आता तुम्ही हा फॉर्म आणलाय. यावर सही केली की संस्थेच्या फाटकाशी पाटी लागणार, वाणाला माझं नाव, जपणारी म्हणून. माझं! — तुम्ही हसू नका. हसला नाहीत? मग ठीक आहे. मी चोरी केली नसती तर आज हे बी जगात नसतं, हा विचार मी करून पाहिलाय, रोज करते, भांडी घासताना फार बरं वाटतं त्यानं. मग भांडी संपतात. जपलं तिनं. एकटीनं, वीस-बावीस वर्षं, सगळे हसत असताना. मी काय केलं? मी नेलं. बाईंनी ठेवलं. गारा पडल्या. एवढंच झालं.

काय म्हणालात? दुसरी ओळ आहे? कुठं? — हे ‘अन्य सहभागी’ म्हणून आहे ते? मला वाटलं, ते नवऱ्यासाठी असतं. मग असं करा. हे खोडा. खोडा हो, तुमचा पेन चालतो ना? वरच्या ओळीत तिचं नाव. मी सांगते, लिहा. शुद्धलेखन नीट, ती चिडते. तिच्यापुढं लिहा, जपलं. खालच्या ओळीत माझं. माझ्यापुढं — सहभागाचं स्वरूप — लिहा, नेलं. नेलं. दोन अक्षरं आहेत, मावतील. असं लिहीत नाहीत? मग काय लिहितात? ‘संकलन’? संकलन म्हणजे काय? — अच्छा. म्हणजे तेच. लिहा मग संकलन, ऐकायला बरं वाटतं.

डॉक्टरीणबाईंना सांगा किंवा नका सांगू. त्यांना कळलेलंच असणार, त्या मला ‘तुमच्या कुंपणावरचा’ असं कधी म्हणत नाहीत, ‘कुंपणावरचा’ एवढंच म्हणतात.

सही? वरच्या ओळीवर तिची सही लागणार म्हणता. लागणारच. — नाही, तुम्ही नका जाऊ. तुम्हाला ती दार अर्धंच उघडेल, मग तुम्ही काहीतरी समजावायला जाल आणि ती ते अर्धंही लावून घेईल. आणि माझ्याशी तिचं बोलणं नाही हे सांगितलं ना मी तुम्हाला. एकोणीस वर्षांनी माणूस पहिलं वाक्य काय फॉर्मबद्दल बोलतो? आधी दुसरं काहीतरी बोलावं लागेल. काय, ते मला ठरवू दे. एक-दोन दिवस लागतील. तीन धरा.

फॉर्म इथं ठेवा. फोटोबिटो आज नाही. कप असू दे, मी विसळते. जा तुम्ही आता, तुमची गाडी चुकेल — आणि जाताना पुढच्या दारानं जा, हळू, खुर्चीला धक्का लावू नका. जा. मला जरा गप्प बसून विचार करू दे.